थंडीत ट्रक का अडतो?

पहाटे ट्रक चालू झाला नाही की शेठचा पहिला शब्द ड्रायव्हरला. आळशी आहे, झोपा काढतो, वगैरे. लडाखमध्ये द्रास, कारगिल, लेहकडे माल नेणाऱ्यांना हिवाळ्यात हे फार ऐकावे लागते. तिथे रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो. आपल्या कित्येक घरांतली मुले गाडीवर आहेत, कोणी लष्करात ड्रायव्हर आहे, म्हणून हा विषय घेतला.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की तापते आणि त्या हवेत डिझेल पेटते. इंजिनचे लोखंड गारठलेले असले तर ते ही उष्णता ओढून घेते. ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी निम्म्या ताकदीवर येते. त्यात डिझेलमधले मेण गोठते. आपल्याकडे खोबरेल तेल थिजते, तसेच. फिल्टर बुजतो. टाकी भरलेली, इंजिन मात्र उपाशी!

मग टाकीखाली स्टोव्ह नाहीतर शेकोटी पेटवतात. इंधनाच्या टाकीखाली जाळ! हे कोणी हौसेने करीत नाही, वाचकहो. कोणी रॉकेल मिसळतात. त्याने पंप झिजतो आणि भेसळीचा गुन्हाही अंगावर येतो.

खरे तर उपाय निघालेला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. मात्र मैदानातले डिझेल टाकीभर घेऊन गाडी वर गेली तर त्याचा उपयोग काय? टाकी उतरत आली की वरचे डिझेल भरावे, ते फिल्टरपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवावी, मगच मुक्काम करावा. ब्रेकच्या हवेच्या टाकीतले पाणी रोज काढावे, नाहीतर तेही गोठते.

पातळ ऑइल, कूलंट, चांगली बॅटरी हा खर्च मालकाचा. आम्ही कारकुनी पेशातली माणसे, इंजिन उघडता येत नाही. पण कोणता खर्च कोणाच्या खाती पडावा, एवढे कळते. तो ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापला जात असेल तर लेखी विचारावे.

आणि काचा लावून केबिनमध्ये शेगडी पेटवून कोणी झोपू नये. कोळशाच्या त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला जागही येत नाही. मुलाचा फोन आला की एवढे आवर्जून सांगा.