अंगदुखीचा नैसर्गिक इलाज आणि माझी एक चूक



क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांनाच हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतो. यंदा मात्र मंदिरातल्या एका भगिनीची क्षमा मला मनापासून मागायची होती. तिला मी एक औषध सांगितलं होतं, आणि तेही 'अगदी नैसर्गिक आहे, काही अपाय नाही' अशी हमी देऊन. ती हमी देण्याचा मला काय अधिकार होता, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. म्हणून आज हे लिहिते आहे.

मला फायब्रोमायॅल्जिया आहे. सगळं अंग दुखतं. रात्रभर धानाची पोती उचलली असावीत, तशी मी सकाळी उठते. झोपून उठल्यावरही झोप झाली असं वाटत नाही, आणि बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, सगळं नॉर्मल. गोंदिया ते नागपूर फेऱ्या झाल्या, घरात 'रिपोर्टमध्ये तर काहीच नाही' हे वाक्य पाठ झालं, आणि मलाही आपण उगाच कुरकुर करतो की काय असं वाटू लागलं. शेवटी नागपूरच्या एका संधिवाततज्ज्ञांनी समजावून सांगितलं. या आजारात सांधे झिजत नाहीत, स्नायू सडत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे संदेश वाजवीपेक्षा मोठे करून घेतात. रेडिओचं बटण कुणी वाढवून ठेवावं, तसं. म्हणून फोटोत काही दिसत नाही, पण दुखणं खरं असतं. पूर्वी अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून निदान करत. २०१० मध्ये आलेल्या निकषांत थकवा, झोप आणि विसराळूपणा यांचाही विचार होऊ लागला. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

गोळी सुरू झाली, थोडा फरक पडला. पण रोज गोळी घ्यायची म्हटलं की आपलं मन कचरतं. कुणीतरी जवळच्या बाजारात पुड्या देणाऱ्याचं नाव सांगितलं. कागदाची पुडी, त्यावर ना नाव, ना घटक, ना तारीख. महिन्याचे बाराशे रुपये. चार दिवसांत मला तरतरी आली, भूक वाढली, हातपाय हलके झाले. मी रात्रीची गोळी बंद केली आणि मंदिरात सगळ्यांना पुडीचं कौतुक सांगत सुटले. त्यांच्यातल्या एकीचे गुडघे दुखत होते, शिवाय तिला मधुमेह. दीड महिन्यात तिचा चेहरा गोल झाला, पायांना सूज आली, साखर तीनशेच्या वर गेली. तिच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'कुठली पुडी घेता का?' त्यांना स्टेरॉइडची शंका आली. ते तिचं ऐकून मीही धावत माझ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनाही तीच शंका आली. ते म्हणाले, 'अशी पुडी एकदम सोडायचीही नसते, आमच्या देखरेखीखाली सोडायची.' स्टेरॉइड अचानक बंद झालं तर जिवावर बेतू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि फायब्रोमायॅल्जियावर तर स्टेरॉइड हा इलाजच नाही.

क्षमा मागितली तेव्हा ती म्हणाली, 'ताई, मी पुडीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवला होता.'

म्हणून माझं मत आज स्पष्ट सांगते. नैसर्गिक उपचार चांगले आहेत, मी रोज करते. पण 'नैसर्गिक' हा शब्द म्हणजे हमी नव्हे. धोतरा निसर्गातलाच आहे. बिब्बाही आपल्याच जंगलातला, आणि त्याने कातडी कशी उतते हे आपल्या आज्यांना माहीत होतं. ज्या पुडीवर नाव नाही, ती घरात येऊ देऊ नये. पाणी गाळून पिणाऱ्या आपण बायका, औषध मात्र न बघता गिळतो!

कुणी म्हणेल, गांधीजी तर निसर्गोपचारावरच विश्वास ठेवत. ठेवत होतेच. आपल्या गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस दौंडहून पुण्याला जाताना वाटेत उरुळी कांचन लागतं. तिथे त्यांनी १९४६ मध्ये निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, आणि तो आश्रम आजही चालू आहे. पण त्याच गांधीजींनी १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं. जिथे शस्त्र लागलं, तिथे त्यांनी ते नाकारलं नाही.

मग नैसर्गिक म्हणून करायचं काय? सगळ्यात भक्कम आधार आहे तो व्यायामाला. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये या आजारावरचे सगळे उपचार तपासले, तेव्हा ठामपणे शिफारस केली ती फक्त व्यायामाची. योग, ताई ची, ध्यान, कोमट पाण्यातले उपचार आणि ॲक्युपंक्चर यांनाही त्यांनी जागा दिली आहे, पण सौम्य शिफारशीची. मी सात मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, आज पंचवीस मिनिटं चालते. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळी कपाटं आवरायची नाहीत, नाहीतर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. गरम पाण्याचा शेक आणि तिळाच्या तेलाचा हलका हात मला सुख देतो. तो आराम आहे, इलाज नव्हे, एवढं लक्षात ठेवते.

बी.कॉम. होऊन नोकरी केली नाही, पण वही लिहायची सवय गेली नाही. झोप किती, चाल किती, दुखणं दहापैकी किती, असे तीन रकाने रोज भरते. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करायची आणि सहा आठवडे वही बघायची. चार उपाय एकदम केले तर जमा कशामुळे झाली आणि खर्च कशामुळे, ते कधीच कळत नाही.

आपल्या घरात काही अडचणी वेगळ्या आहेत, त्या वैद्यांना आणि डॉक्टरांना आपणच सांगायला हव्यात. निसर्गोपचारात सर्रास लिंबूपाणी आणि मध सांगतात. मधाचा त्याग तर आपल्या मूलगुणांतच आहे. गाजर-बिटाचा रस आपल्याला चालत नाही. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं, आणि डी-३ हे जीवनसत्त्व बहुधा लोकरीतल्या मेणापासून काढतात. वनस्पतिजन्य कवच आणि दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं डी-३ मिळतं. विचारलं तर डॉक्टर पर्याय सांगतात, न विचारता औषध सोडून देऊ नये. थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आधी तपासून घ्या. शाकाहारी बायकांमध्ये बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि त्यानेही हातपाय दुखतात.

उपवासाचंही सांगते. पर्वात मी दहा दिवस जिद्दीने उपवास करायचे, आणि पुढचा महिना आजारी असायचे. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' आहे. शक्तीप्रमाणे तप करावं, हे आपलं शास्त्रच सांगतं. आता मी एकाशन करते, औषधाची वेळ त्यात बसवते. पद्मासन जमत नाही म्हणून सामायिक खुर्चीवर बसून करते. पहिल्यांदा फार लाज वाटली. पण त्या ४८ मिनिटांत आणि नंतरच्या कायोत्सर्गात शरीर सैल पडतं, श्वास संथ होतो, आणि वहीत त्या रात्रीची झोप चांगली दिसते.

शेवटचं कर्माबद्दल. 'असातावेदनीय कर्म आहे, भोगायलाच हवं,' असं मला कितीदा सांगितलं गेलं. असेलही. पण दुखण्याचंच चिंतन करत राहणं याला आपल्याकडे पीडाचिंतन म्हणतात, आणि ते आर्तध्यानाच्या चार प्रकारांत मोडतं. उपचार करून मन त्यातून बाहेर काढणं हा धर्माविरुद्धचा मार्ग कसा असेल? औषधदान हे जर दान आहे, तर औषध घेणं पाप कसं? कर्माचं नाव दुसरीच्या दुखण्यावर चिकटवू नका. ते फार तर आपल्या स्वतःच्या दुखण्यासाठी, समता राखायला वापरा.

तुमच्या सुनेने, जावेने किंवा कामाला येणाऱ्या बाईने 'सगळं अंग दुखतं' म्हटलं, तर रिपोर्टच्या आधी तिच्यावर विश्वास ठेवा. आणि एखादा उपाय सांगावासा वाटला, तर 'मला बरं वाटलं, पण तुझ्या डॉक्टरांना विचार' एवढं जोडायला विसरू नका. मी ते जोडलं नाही. माझ्या त्या भगिनीची साखर आता आटोक्यात आहे, आणि आम्ही दोघी सकाळी बरोबर चालायला जातो.

उत्तम क्षमा.