उल्हासनगर ते बदलापूर : समुपदेशकांच्या पाट्या वाढल्या, पण आत कोण बसलंय?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायालयाने म्हटलं की मानसिक आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने, कोचिंग क्लाससुद्धा त्यात आले, किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. संस्था लहान असेल तर तिने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं.

हा 'बाहेरचा तज्ज्ञ' कोण, हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. कल्याणच्या पुढे कर्जत लाइनवर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरं एकमेकांना चिकटून वाढली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर, अंबरनाथ अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूर पावणेदोन लाख. म्हणजे मिळून सव्वानऊ लाखांच्या वर माणसं. त्यानंतर बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या ते सकाळच्या लोकलची गर्दीच सांगते. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालात देशात लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असल्याचं नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं माप तीनचं. जुन्या जनगणनेवर साधा हिशेब मांडला तरी या पट्ट्याच्या वाट्याला सात डॉक्टर येतात आणि हवेत अठ्ठावीस. ही पोकळी आता खासगी समुपदेशक भरत आहेत. कुणी दवाखान्यात एक खोली भाड्याने घेतं, कुणी घरातल्याच एका खोलीत बसतं, बरेच जण मोबाइलवर व्हिडिओ कॉलने सत्रं घेतात. आम्हाला हे स्वागतार्ह वाटतं. पण स्वागत करताना डोळे उघडे ठेवायला हवेत.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तो चाचण्या आणि बोलून करायचे उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, हा कायदा १९९२ चा. आणि तिसरा समुपदेशक किंवा 'थेरपिस्ट'. खरी गोची इथेच आहे. या शब्दाला आजवर कुणी कुलूप लावलेलं नाही. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली बाईही समुपदेशक आणि सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट भिंतीवर लावलेला माणूसही समुपदेशक. पाटी दोघांची सारखीच.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २०२१ मध्ये आरोग्य क्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही आले. त्याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या शैक्षणिक सत्रापासून मानसशास्त्रासारखे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. यात नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्या अनेक मुलींची वाट बंद झाली, त्यात आपल्या मुलीही असणार, याचं वाईट वाटतं. तरीही माणसाच्या मनावर काम करायला निघालेल्याने जिवंत माणसासमोर बसून, कुणाच्या तरी नजरेखाली शिकलेलं असावं, या मागणीत चूक नाही.

तोवर चौकशी आपणच करायची. लग्न जमवताना आपण मुलाची तीन पिढ्यांची माहिती काढतो. इथे तर दोन प्रश्न पुरतात. शिक्षण कुठे झालं आणि कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम केलं? गरज पडली तर तुम्ही कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता? दुसऱ्या प्रश्नाला जो चिडतो किंवा 'गोळ्या घेऊच नका, मी बरं करतो' म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं. स्किझोफ्रेनिया किंवा टोकाचं नैराश्य नुसत्या बोलण्याने हटत नाही. चांगला समुपदेशक पहिल्याच भेटीत फी सांगतो, सत्र किती मिनिटांचं ते सांगतो, साधारण किती भेटी लागतील याचा अंदाज देतो आणि गुपित राखण्याची हद्दही सांगतो.

फीबद्दल बोलायलाच हवं. एका सत्राला पाचशेपासून दोन हजारांच्या पुढेही घेतले जातात. आठवड्याला एक धरलं तर महिन्याला चार सत्रं. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिलाई करणाऱ्याला किंवा अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला हे कसं झेपायचं? पर्याय आहे तो ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा. १९०१ पासूनची ही संस्था. बाह्यरुग्ण विभागात जाणं म्हणजे 'येड्यांच्या हॉस्पिटलात भरती होणं' नव्हे, हे आधी घरच्यांना समजवावं लागतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण बदलापूरहून ठाणे चौतीस किलोमीटर, त्यात रांग; म्हणजे दिवसाची मजुरी गेली. मोफत उपचाराची खरी किंमत ती. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था मराठीतून समुपदेशन करते. आणि घरबसल्या हवं असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. हा नंबर आपल्या किती मशिदींच्या फलकावर लिहिलेला आहे, हे वाचकांनी येत्या जुम्याला पाहावं.

आता आपल्या घरांकडे येऊ. मुलगी महिनाभर कुणाशी बोलत नाही, जेवत नाही, रात्री दचकून उठते. पहिला शब्द निघतो तो 'नजर' किंवा 'असर'. मग तावीज, मग कुणीतरी आमिलचा पत्ता देतं, मग कुणी मलंगगडाचं नाव काढतं. सगळ्या धर्मांचे लोक तिथे जातात, त्यामुळे हा फक्त आपला प्रश्न आहे असं कुणी समजू नये. दुआ करण्याला, कुरआन पठणाला आमचा विरोध असण्याचं कारण नाही. त्याने मनाला आधार मिळतो हे प्रत्येक घराला माहीत आहे. पण आजार दिला त्याने इलाजही दिला आणि तो शोधा, ही शिकवणही आपल्या रसूलांचीच आहे. उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ही गोष्ट आपण लहानपणी सगळ्यांनी ऐकली. ताप आला की डॉक्टर आणि मन आजारी पडलं की फक्त फुंकर, हा फरक दीनने केलेला नाही, तो आपण केला.

इतिहासही तेच सांगतो. नवव्या-दहाव्या शतकातले बल्खचे अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर मिळून एक ग्रंथ लिहिला. काही कारणाने आलेलं दुःख आणि कारण सापडत नसताना आलेली उदासी यांत त्यांनी फरक केला. पहिल्याला समजूत आणि विचार बदलण्याचा उपाय, दुसऱ्याला शरीरावरही उपचार. आजचा थेरपिस्ट याच दिशेने बोलतो. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी हा ग्रंथ इंग्रजी वाचकांसमोर आणला.

आणि हे दोन्ही एकत्र चालू शकतं याचा पुरावा लांब नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम उभा राहिला. मुजावरांना प्रशिक्षण दिलं, दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. मुजावर दुआ करतात आणि 'आता तिकडे जा' म्हणून दवाखान्याचं दारही दाखवतात. लोक ऐकतात, कारण सांगणारा त्यांच्या विश्वासातला असतो. याच्या उलट टोकाला तामिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ ला तिथल्या एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण पळूही शकले नाहीत. अठ्ठावीस जीव गेले. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा आहे.

दुसरी भीती बदनामीची. 'रिश्ता तुटेल' म्हणून किती घरांत औषधं फ्रीजमागे लपवली जातात! इथे खासगी समुपदेशकाची जागा सोयीची ठरते: गल्लीतलं कुणी भेटत नाही, नाव पुकारलं जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी असेल तर कागद काढून वाचा. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं, हेही त्यात आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ उरलेलं नाही. पोलिसांच्या धाकाने अशा माणसाला घरातच ठेवणं, दवाखान्यात नेण्यात तास घालवणं, याला आता काही अर्थ नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. दीनने ही गोष्ट हराम ठरवली आहे म्हणून आपल्या घरात ती होणार नाही, असं मानून बसणं धोक्याचं आहे.

गुपित राखण्याला एक हद्द मात्र आहे, आणि बदलापूरकरांना ती वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर बसले, तासन्तास गाड्या बंद होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्यानंतर सगळी चर्चा चकमकीवर गेली. त्या मुलींचं, त्याच वर्गातल्या इतर मुलांचं, रात्री झोप न लागणाऱ्या आयांचं काय, हा प्रश्न मागे पडला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, समुपदेशकालाही त्यातून सूट नाही. तो 'घरातली गोष्ट घरात राहू द्या' म्हणाला तर तो तुमच्या मुलाचा शत्रू समजा. २०२० च्या नियमांत अशा मुलाला खटला संपेपर्यंत आधार देणारी व्यक्ती नेमण्याची सोयही आहे; बालकल्याण समितीकडे ती मागता येते.

बायकांचा विषय थोडा वेगळा आहे. नवरा आखातात, सासरचं घर दोन खोल्यांचं. फोनवर सत्र घ्यायचं तर बोलायचं कुठे? कुणी गच्चीवर जातं, कुणी बाजाराच्या निमित्ताने बाहेर पडतं. महिला समुपदेशक मिळावी ही अपेक्षा रास्त आहे, मागायला लाजू नये. आणि सासू किंवा नवरा खोलीत बसून राहण्याचा आग्रह धरत असेल तर समुपदेशकाने त्यांना नम्रपणे बाहेर बसवलं पाहिजे. आणखी एक : समुपदेशन म्हणजे सुलह-सफाईची बैठक नव्हे. जमातीचे बुजुर्ग घर सांधायला बसतात, त्यांचं काम वेगळं. समुपदेशक बाईला 'निभावून घे' असंही सांगत नाही आणि 'खुला घे' असंही नाही. तिचं डोकं शांत करून निर्णय तिच्याच हातात देतो. मारहाण होत असेल तर मात्र गोष्ट आधी सुरक्षिततेची असते, सत्रांची नंतर.

आमची सूचना छोटी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या जमातींनी आणि मशीद कमिट्यांनी मिळून नोंदणी तपासलेल्या तीन-चार समुपदेशकांशी बोलावं, गरजूंसाठी सवलतीची सत्रं ठरवून घ्यावीत आणि उरलेली फी सदक्याच्या निधीतून भरावी. जकात वापरता येईल का, ते उलेमांनी सांगावं. किडनीच्या, हृदयाच्या ऑपरेशनसाठी आपण एका जुम्यात झोळी भरतो. कुणाची फी भरली ते नाव कमिटीतल्या एकाच माणसाकडे राहावं, पावतीवर फक्त क्रमांक. शंभरावर विद्यार्थी असलेल्या आपल्या शाळांनी आणि क्लासेसनी न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नेमणूक झाली का, हे पालकसभेत जाहीर करावं. पुढची पालकसभा बहुधा सहामाही निकालाच्या दिवशी असेल. नेमलेल्या व्यक्तीचं नाव, शिक्षण आणि भेटीची वेळ तिथे लेखी मागता येईल.