घरी राहिलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने

महासाथ ओसरल्यापासून खेळाविषयीच्या आपल्याकडील बोलण्यात एक विधान सुभाषितासारखे वापरले जाऊ लागले आहे. खरा चाहता तो, जो मैदानावर येतो. त्याला जोडून दुसरे विधान येते. २०२० आणि २०२१ या वर्षांत जी खबरदारी घेतली गेली ती अतिरेकी होती, आणि जे वयस्क समर्थक त्यानंतरही गॅलरीत परतायला कचरले, त्यांची निष्ठा मुळातच पातळ होती. ही दोन्ही विधाने आम्हांला चुकीची वाटतात. पहिल्यात निष्ठेचा अर्थ हरवला आहे; दुसऱ्यात खबरदारीची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांना मोकळे सोडून, ज्याच्या हाती फारसे काही नव्हते अशा माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. म्हणून या लेखाचा पक्ष आरंभीच सांगतो. आम्ही घरी राहिलेल्या, विशेषतः साठी-पासष्टी ओलांडलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने लिहीत आहोत.

उदाहरण कोल्हापूरचेच घ्यावे लागेल. महाराष्ट्रात क्रिकेटला बाजूला सारून फुटबॉलवर जीव टाकणारे शहर म्हणजे कोल्हापूर. तिथला फुटबॉल कंपन्यांनी विकत घेतलेल्या संघांचा नाही. तो तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे एकेकाळी कुस्तीच्या आखाड्यांची. आज ती फुटबॉल संघांची म्हणून ओळखली जातात. मूल कोणत्या पेठेत जन्मले यावरून ते कोणत्या संघाचे हे ठरते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आजोबा, मुलगा आणि नातू एकाच रंगाच्या मागे बसलेले दिसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. या फुटबॉलला ईर्षा आहे, शिवीगाळ आहे, प्रसंगी हुल्लडबाजी आणि पोलिसांचा बंदोबस्तही आहे. आम्ही त्याचे सोवळे चित्र रंगवू इच्छीत नाही. परंतु समर्थक ही वारशाने येणारी गोष्ट असू शकते हे महाराष्ट्रात कोठे पाहायचे असेल तर ते इथेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पायऱ्या ओस पडल्या. २०२१ च्या जून-जुलैत राज्याच्या बहुतेक भागांत दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापुरात ती रेंगाळली होती. अशा वेळी पन्नास वर्षे पायरी न सोडलेल्या माणसाने घरी बसणे पसंत केले, तर त्याचा अर्थ काय लावायचा? त्याने संघ सोडला की संघातल्या पोरांच्या घरी रोग जाऊ नये याची काळजी घेतली? पेठेतल्या फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रेक्षक एकमेकांचे शेजारी असतात. एकाच नळावरचे, एकाच गल्लीतले, पुष्कळदा एकाच घरातले. तिथे स्वतःला जपणे आणि संघाला जपणे यांत भिंत घालता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या निर्देशांत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी घरीच राहावे असे सांगितले होते. ज्याने ते ऐकले त्याला नंतर भित्रा म्हणायचे, आणि ज्याने ते धुडकावले त्याला दर्दी म्हणायचे, हा कोणता न्याय?

प्रेक्षकांच्या गर्दीची किंमत युरोपने आधी मोजली. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा सामना झाला. अटलांटाचे गाव बेर्गामो. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तो सामना पाहिला आणि संघाने ४-१ असा विजय मिळवला. पुढच्या काही आठवड्यांत बेर्गामो हे इटलीतील मृत्यूचे गाव ठरले. त्या एका सामन्यावर सगळा भार टाकणे योग्य होणार नाही. पण रोग पसरवणाऱ्या कारणांत त्याची गणना तज्ज्ञांनी केली. त्या रात्री जे गेले त्यांना दोष देता येत नाही, कारण उत्तर इटलीतील स्थानिक प्रसार उघड झाला तो त्यानंतर. लिव्हरपूलची गोष्ट मात्र वेगळी आहे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि त्याच रात्री अ‍ॅनफिल्डवर अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धचा सामना भरल्या मैदानात खेळवला गेला. माद्रिदमध्ये शाळा बंद झाल्या होत्या. स्पेनमधील सामने प्रेक्षकांविना खेळवण्याचे ठरले होते. तरीही माद्रिदहून सुमारे तीन हजार समर्थक इंग्लंडात येऊन बसले. स्वतःच्या शहरात ज्यांना मैदान बंद होते, त्यांना परक्या शहरात ते उघडे होते. ही चूक समर्थकांची म्हणायची का? माहिती ज्यांच्याजवळ होती आणि दार बंद करण्याचा अधिकारही ज्यांच्याजवळ होता, त्यांनी ते उघडे ठेवले. बेर्गामो आणि लिव्हरपूल यांतला हा फरक 'खबरदारीचा अतिरेक झाला' असे म्हणणारे कधी लक्षात घेत नाहीत.

आता गर्दीच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद पाहू. तो असा, की खेळाचा रस एकट्याने भोगता येत नाही. हजार कंठांतून एकदम उठलेली आरोळी हाच खेळाचा प्राण. रिकाम्या मैदानावरचा सामना म्हणजे निव्वळ सराव. यात तथ्य आहे. दूरचित्रवाणीवाल्यांनी रिकाम्या खुर्च्यांवर ध्वनिमुद्रित आरडाओरडा सोडला, तेव्हा त्यांनीही हे तथ्य मान्यच केले. आमच्या विषयाच्या परिभाषेत सांगायचे तर संस्कृत काव्यशास्त्रात नाट्याच्या प्रेक्षकाला 'सामाजिक' असाच शब्द आहे. पाहणारा हा एकटा नसतो, तो समाजाचा घटक म्हणून पाहतो, असे त्यात गृहीत आहे. आणि दैवाचा खेळ असा, की महासाथीत आपल्या सरकारी मराठीने नेमका 'सामाजिक अंतर' हा शब्द रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा प्रयोग अधिक योग्य ठरवला होता. आपण मात्र शरीर आणि समाज यांची गल्लत करून बसलो. 'खरा चाहता तो, जो मैदानावर येतो' हे विधान त्याच गल्लतीचे अपत्य आहे. शरीर दूर गेले म्हणजे समाज तुटला, असे ते धरून चालते.

हे खरे मानले तर आमच्यासारख्या गावांचा खेळाशी संबंधच उरत नाही. आमचे मालेगाव हे वाशीम जिल्ह्यातले. नाव घेतले की ऐकणारा नाशिककडचे मालेगाव समजतो, इतकी आमची ख्याती. नागपूरच्या जामठा मैदानाची वाट आम्हांला कित्येक वर्षे पाच-सहा तासांची होती, आणि मोठ्या फुटबॉलचे मैदान त्याहूनही दूर. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी खेळ ऐकून जाणला. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन रेडिओवर ऐकत ज्यांनी कसोटी सामने अनुभवले, त्यांतल्या असंख्य लोकांनी आयुष्यात कधी ब्रेबॉर्न वा वानखेडे पाहिले नाही. पानटपरीवर, चावडीवर, शेताच्या बांधावर एका रेडिओभोवती जमलेली ती माणसे चाहती नव्हती काय? त्यांच्या निष्ठेला तिकिटाचा अर्धा तुकडा पुरावा म्हणून जोडता येत नाही, एवढाच त्यांचा दोष. महानगरी समर्थकाला २०२० मध्ये जे एकाएकी भोगावे लागले, ते आमच्या भागातला समर्थक पूर्वीपासून जगत आला आहे. म्हणूनच घरी राहून केलेल्या प्रेमाची थट्टा आम्हांला विशेष बोचते.

महाराष्ट्राला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. वारी ही आपली सर्वांत मोठी 'हजेरी'. तिच्या पायी चालण्यातच भक्तीचा अर्थ आहे असे आपण मानतो. परंतु त्याच परंपरेने सावता माळ्याला संतपद दिले, आणि तो आपला मळा सोडून पंढरीला गेला नाही, ही कथा अभिमानाने सांगितली. २०२० च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटी बसने पंढरपुरास गेल्या आणि लाखो वारकरी आपापल्या दारातच थांबले. त्या वर्षी वारी मोडली असे कोणी शहाणा वारकरी म्हणाला नाही. जे भागवत धर्माला झेपले, ते फुटबॉलच्या आणि क्रिकेटच्या भक्तांना झेपू नये?

उलट टोकाचे दृश्य आमच्याच जिल्ह्याने पाहिले. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी वादात सापडलेले तत्कालीन वनमंत्री मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे आले, तेव्हा रुग्णसंख्या पुन्हा वाढत असूनही हजारोंचा जमाव लोटला. पुढे गुन्हे नोंदवले गेले, चर्चा झाली, आणि काही दिवसांत मंत्र्यांनी राजीनामाही दिला. वादाच्या गुणदोषांत आम्हांला शिरायचे नाही. आमचा मुद्दा गर्दीच्या व्याकरणाचा आहे. नेत्याला आपले वजन दाखवायचे असते आणि ते माणसांच्या संख्येत मोजले जाते. म्हणून जो आला तो आपला, जो आला नाही तो परका. क्रीडासमर्थकाला हजेरीचा दाखला मागणारे हेच व्याकरण नकळत वापरतात. निष्ठा जमावाने मोजायची ठरली की जमावाला काय होते हा प्रश्न गौण ठरतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. खबरदारी ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन होती. ज्यांच्या घरी पगार आणि पडदा दोन्ही होते ते बसून राहिले. मैदानाबाहेर शेंगदाणे आणि चहा विकणाऱ्याचे काय? आक्षेप खरा आहे. पण तो खबरदारीविरुद्ध जात नाही, खबरदारीचा खर्च कोणी सोसला याविरुद्ध जातो. एप्रिल २०२१ मध्ये वानखेडेवर आयपीएलचे सामने प्रेक्षकांविना सुरू होते. १४ एप्रिलपासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले, प्राणवायूसाठी धावाधाव चालली, तरी दिव्यांच्या झोतात खेळ चालूच होता. ४ मे रोजी खेळाडूंनाच लागण झाल्यावर स्पर्धा थांबली. पुढच्याच वर्षी २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढे धन ज्या खेळात आहे, त्याला शेंगदाणेवाल्याचे दोन हंगाम सांभाळणे अशक्य होते असे कोणी म्हणू नये. पेठेचा फुटबॉल थांबला, कारण त्याच्या मागे प्रक्षेपण नव्हते. पैशाचा खेळ चालू राहिला, कारण त्याला प्रेक्षकाची गरजच उरली नव्हती. मैदानावर येत नाही म्हणून ज्याला टोमणे मारले जातात, तो या हिशेबात आधीच वगळलेला होता.

आणि आयोजकांची खबरदारी किती पक्की होती, तेही पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईत महिलांच्या आशियाई चषकाचे यजमानपद भारताकडे होते. जैवसुरक्षित कवच असूनही संघातील बारा खेळाडूंना लागण झाली, चिनी तैपेईविरुद्ध संघ उभा करता आला नाही आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या स्पर्धेची वाट पाहिली त्या मुलींचे नुकसान कोणत्याही प्रेक्षकाच्या बेफिकिरीने झाले नाही. याउलट २०२०-२१ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम गोव्यातील तीन रिकाम्या मैदानांवर पूर्ण झाला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला मुंबई सिटीने शेवटच्या मिनिटाच्या गोलावर आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. गॅलरीत एकही मुंबईकर नव्हता. त्या विजयाला समर्थक नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

खबरदारीचा विषय करोनाबरोबर संपला, असेही समजू नये. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात सोळा समर्थक प्राणास मुकले. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत अकरा जण गेले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत एक महासाथ येऊन गेली. माणसे किती, दारे किती, बाहेर पडायला वेळ किती, हे मोजायची सवय तिने तरी लावायला हवी होती. ती लागली नाही. कारण महासाथीचा धडा आपण 'गर्दीने घरी राहावे' एवढाच घेतला. 'गर्दी बोलावणाऱ्याने उत्तरदायी राहावे' हा दुसरा अर्धा धडा कोणी गिरवलाच नाही.

म्हातारा समर्थक परत यावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी त्याच्या निष्ठेची परीक्षा घेणे थांबवावे आणि पायऱ्यांकडे पाहावे. सावली आहे का, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, गुडघे दुखणाऱ्याला धरायला कठडा आहे का, धावपळ झाली तर उघडे दार कोणते हे त्याला ठाऊक आहे का, आजारी पडल्यामुळे तो आला नाही तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का? हे सगळे करून झाल्यावरही तो घरी रेडिओ वा मोबाईल कानाशी धरून बसला, तर तो त्याचा अधिकार आहे. पन्नास वर्षे त्याने संघाला जे दिले त्याची पावती त्याच्याकडे मागण्याचा अधिकार मात्र कोणाचाही नाही.