सकाळचा सिगार

सिगार रात्रीच्या जेवणानंतरच शोभतो, सकाळच्या कॉफीबरोबर नव्हे, हे गेल्या अंकातलं मत पटलं नाही. पत्रलेखकांनी सगळे सिगार एकाच माळेत ओवले आहेत. तंबाखूच्या रोपाच्या शेंड्याकडची पानं कडक (क्युबात त्यांना लिहेरो म्हणतात), बुडाकडची वोलादो सौम्य. कनेक्टिकटमध्ये कापडी मांडवाखाली वाढवलेलं पातळ, फिकट पान वरून गुंडाळलेला सौम्य सिगार दूध घातलेल्या कॉफीची चव मुळीच दडपत नाही. पण केवळ रंगावर जाऊ नये. कडकपणा मुख्यतः आतल्या पानांवर ठरतो.

मात्र ‘धूर छातीत घेत नाही, म्हणून अपाय नाही’ हे दुसऱ्या वाचकाचं समर्थन मला नको. सिगारचा धूर अल्कधर्मी, त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरतं. उपाशीपोटी तर गरगरायला लागतं. आधी पोटात काही असावं!

– एक वाचक, पुणे