पंचवीस मेमोंची उत्तरे



पाम, कुंभवली, कोलवडे या गावांतून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या घरांना एक वाक्य चांगले परिचयाचे आहे. "उद्यापासून येऊ नको." हे वाक्य कागदावर कधी येत नाही. मुकादम ते गेटवर तोंडी सांगतो, आणि माणूस डबा घेऊन तसाच परत फिरतो.

पाममधल्या आमच्या परिचयाच्या एका घरात हेच घडले. नऊ वर्षांची नोकरी. ओव्हरटाइमचे पैसे मागितले एवढाच गुन्हा. तोंडी नकार मिळाल्यावर हा गृहस्थ लाजेने पंधरा दिवस घरात बसून राहिला. शेजाऱ्यांना "रजा आहे" म्हणून सांगत होता. सोळाव्या दिवशी पत्र आले की, आपण विनापरवानगी गैरहजर आहात, सबब आपण नोकरी सोडली असे समजण्यात येत आहे. म्हणजे काढणारा नामानिराळा, आणि काढला गेलेला स्वतःच सोडून गेलेला! आम्ही त्या घरी गेलो तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, "आता काय उपयोग?"

त्यांना आम्ही जी हकीकत सांगितली, तीच येथे देतो. ती कारखान्यातली नाही, शाळेतली आहे. पण कामगाराने ती पाठ करून ठेवावी अशी आहे.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका खासगी प्राथमिक शाळेत दीपाली सुरवसे या शिक्षिका होत्या. 2005 साली महापालिकेने शाळेच्या इमारतीवर 79,974 रुपयांचा कर आकारला. संस्थेने शिक्षकांनाच सांगितले की, प्रत्येकाने दरमहा दीड हजार रुपये त्यापोटी द्यावेत. कर इमारतीचा आणि भुर्दंड नोकरांना! या बाईंनी नकार दिला. मग सुरू झाला मेमोंचा मारा. एक नव्हे, दोन नव्हे, पंचवीस मेमो. नोव्हेंबर 2006 मध्ये त्यांना निलंबित करण्यात आले. शिक्षणाधिकाऱ्यांनी निलंबनाला मान्यता दिली नाही, तरी त्यांना कामावर घेतले नाही. जून 2007 मध्ये एकतर्फी चौकशीवरून नोकरीतून काढून टाकले.

आता लक्षात घेण्याची गोष्ट ही की, या बाईंनी प्रत्येक मेमोला लेखी उत्तर दिले होते. रडून, चिडून किंवा गप्प बसून नव्हे. कागदावर, आरोप नाकारून. शाळा न्यायाधिकरणाने जून 2009 मध्ये बडतर्फी रद्द केली आणि पूर्ण मागील पगार देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने बडतर्फी चूक मानली, पण पगार मात्र नाकारला. मधल्या काळात बाई दुसरीकडे कमावत नव्हत्या याचा पुरावा कोठे आहे, असे तेथे विचारले गेले. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 12 ऑगस्ट 2013 रोजी निकाल लागला आणि पूर्ण पगार चार महिन्यांत देण्याचा आदेश झाला.

हा निकाल आज देशभर कामगारांचे वकील वापरतात. त्यात न्यायालयाने म्हटले की, बेकायदा काढलेल्या माणसाला नोकरीतील सलगता आणि मागील पगारासह परत घेणे हा सर्वसाधारण नियम आहे. आपण बेकार होतो एवढे कामगाराने सांगावे. तो कमावत होता हे सिद्ध करण्याचे ओझे मग मालकावर. कोर्टात वर्षे गेली म्हणून त्याची शिक्षा कामगाराला नको. अर्थात निलंबनापासून निकालापर्यंत पावणेसात वर्षे गेली, हेही आम्ही लपवीत नाही. तेवढा काळ ज्या घराने चूल पेटती ठेवली असेल, त्या घराचे नाव निकालपत्रात येत नसते.

शिक्षकांचे न्यायाधिकरण वेगळे, कामगारांचे वेगळे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तीतही जुनी महत्त्वाची गोष्ट कायम आहे. वर्षात 240 दिवस काम भरलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. काढलेल्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा, असे वेतन संहिता सांगते. तक्रार आधी समेट अधिकाऱ्याकडे जाते. तेथे तडजोड झाली नाही तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. मात्र तंटा उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटली तर समेटाचे दार बंद होते.

आणि 240 दिवस भरले हे दाखवायचे कोणी? प्रथम कामगारानेच. ठेकेदार बदलतो, हजेरीबुक त्याच्याबरोबर जाते. म्हणून आमचे गृहिणींना सांगणे आहे: पगाराची चिठ्ठी, गेटपास, बँकेचे पासबुक, प्रॉव्हिडंट फंडाची नोंद, ई.एस.आय.चे कार्ड हे सारे पत्र्याच्या पेटीत ठेवा, लग्नपत्रिकांच्या खाली नव्हे, वर. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता राजीनाम्यावर सही नको. "सही कर, मग हिशेब देतो" असे म्हणणाऱ्याला तर मुळीच नको. राजीनामा दिलेल्याला काढले असे कायदा मानत नाही.

पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या भगिनींना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. सुपरवायझरने अंगलट केली, नकार दिल्यावर पाळी बदलली, काम बंद केले, तर 2013 च्या कायद्याने तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती असायलाच हवी. ती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

वकिलाच्या पैशाची चिंता बहुतेकांना मागे ओढते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या घरांपैकी कितीतरी घरे या तिन्हींत बसतात, पण अर्ज फार थोडी करतात.

पाममधल्या त्या घरी त्या रात्री पेटी उघडली. नऊ वर्षांपैकी सात वर्षांच्या चिठ्ठ्या निघाल्या, बाईंनी दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. थोरल्या मुलीने वहीच्या पानावर पत्र लिहिले: मी गैरहजर नाही, अमुक तारखेस मला गेटवरून परत पाठविले, मी आजही कामावर येण्यास तयार आहे. दुसऱ्या दिवशी ते नोंद करून पोस्टाने गेले. पावती पेटीत, चिठ्ठ्यांच्या वर ठेवली आहे.