कोणते ड्रॉइंग खरे?

15 सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होईल. सर विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार पडेल, खडकवासल्याच्या त्यांच्या स्वयंचलित दरवाजांची आठवण निघेल आणि कुणी वक्ता इमारतीचे त्रिमिती मॉडेल पडद्यावर गरगर फिरवून दाखवेल. त्याच वेळी एखाद्या साइटवर स्लॅबचे सेंट्रिंग झालेले असेल, सळ्या बांधून झालेल्या असतील, काँक्रीटची गाडी फाटकाशी उभी असेल आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नवे ड्रॉइंग येऊन पडेल. सोबत एवढेच: ‘थोडा बदल आहे, बघून घ्या.’ बदल नेमका कुठे आहे, आरसीसी सल्लागाराने तो पाहिला का, प्लंबरला कळवला का, हे त्या एका ओळीत नसते. मग पाइपसाठीची स्लीव्ह राहून जाते आणि महिन्याभराने कोअर कटिंगवाला बीमला भोक पाडायला येतो.

कागदाच्या काळात सगळे आलबेल होते असे मुळीच नाही. पण अमोनियाचा वास येणारी ती निळी प्रिंट काढायला वेळ आणि पैसा लागे, त्यामुळे प्रती मोजक्या असत. जुनीवर ‘रद्द’चा शिक्का मारून ती परत घेता येई. आता प्रत फुकट आहे. म्हणूनच एकाच जिन्याची तीन ड्रॉइंगे तीन मोबाइलमध्ये सुखाने नांदतात. यावरचा उपाय ठाऊक नाही असेही नाही. सर्व कागदपत्रे एकाच सामाईक ठिकाणी असावीत. प्रत्येकावर रिव्हिजनचा क्रमांक असावा. ते चर्चेसाठी आहे की प्रत्यक्ष कामासाठी, हे स्पष्ट लिहिलेले असावे. 2018 पासून आयएसओ 19650 हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगते. आपल्याकडे नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम, म्हणजे बांधकामाची माहिती सांभाळणारे संगणकीय मॉडेल, वापरून आराखडा, वेळापत्रक आणि खर्च एकत्र बांधले.

तरीही सॉफ्टवेअर घेतले की झाले, या समजुतीला आमचा आक्षेप आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 17 जुलै 1981 रोजी हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनातले टांगते पादचारी पूल कोसळले आणि 114 माणसे गेली. मूळ आराखड्यात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांचे पूल छतापासून आलेल्या एकाच अखंड सळीवर टांगलेले होते. एवढ्या लांब सळीला आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून पोलादकाम करणाऱ्यांच्या ड्रॉइंगमध्ये एकीच्या दोन सळ्या झाल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला लटकला. चौथ्या मजल्याच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. त्या ड्रॉइंगवर अभियंत्यांच्या कार्यालयाचा मंजुरीचा शिक्का होता. बदल फोनवर विचारून केला, असे पोलादवाल्यांचे म्हणणे. असा फोन झालाच नाही, असे अभियंत्यांचे. जबाबदार अभियंत्यांचे मिसुरीतले परवाने पुढे रद्द झाले.

आजचे बिम मॉडेल पाइप बीममध्ये घुसला की लाल खूण करते. कॅन्सस सिटीतल्या त्या दोन सळ्या मात्र कशालाच धडकत नव्हत्या, नीट बसत होत्या. तिथे माणसाने पुन्हा गणित करायला हवे होते. संगणकाची खरी मदत झाली असती ती दुसऱ्या बाबतीत: कुणी विचारले, कुणी हो म्हटले आणि काय तपासून म्हटले, याची नोंद राहिली असती. नेमकी हीच नोंद आपल्याकडे अनेकांना गैरसोयीची वाटते. तोंडी सांगितलेला बदल अंगाशी आला तर झटकता येतो.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली आगीत 72 जणांचा बळी गेल्यावर ब्रिटनने नोंदींचा हा प्रश्न कायद्यात आणला. तिथे अधिक धोक्याच्या उंच निवासी इमारतींची माहिती डिजिटल रूपात आणि अद्ययावत ठेवणे आता बंधनकारक आहे. आपल्या रेरा कायद्याचे कलम 17 इमारतीचे आवश्यक दस्तऐवज आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेला सुपूर्द करायला सांगतेच. पण ‘आवश्यक’ म्हणजे काय, हे बहुधा देणाराच ठरवतो. मंजूर नकाशात खोल्या दिसतात. बीममधल्या सळ्या आणि भिंतीतल्या नळांनी प्रत्यक्षात घेतलेली वळणे दिसत नाहीत. मग तीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटला आलेला अभियंता पहिल्यांदा ड्रॉइंग मागतो आणि सोसायटीचा सचिव कपाट उघडून मंजूर नकाशाची झेरॉक्स पुढे करतो. पुढचे काम गिलावा फोडून.

तेव्हा यंदाच्या अभियंता दिनी एवढी एक मागणी सरकारदरबारी जायला हरकत नाही: भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबतच, प्रत्यक्ष जसे बांधले तशी आरसीसी, नळ आणि विजेची ड्रॉइंगे, तसेच प्रत्येक रिव्हिजन कुणी व कधी मंजूर केली याची यादी, सोसायटीच्या नावे डिजिटल स्वरूपात जमा झाली पाहिजे. खर्च वाढेल, अशी ओरड होईल. ज्यांनी साइटवर हिशेब नीट ठेवला, त्यांना फाइली अपलोड करण्यापलीकडे फारसा खर्च नाही.