कांद्याचा भाव बघता, मग गोळीचा का नाही?

शेतकरी बंधूंनो, कांदा ट्रॅक्टरमध्ये भरण्याआधी तुम्ही मोबाईलवर लासलगावचा आणि पिंपळगावचा भाव बघता. क्विंटलमागे पन्नास रुपयांचा फरक दिसला तरी ट्रॅक्टरचं तोंड फिरवता. त्याच घरातली म्हातारी रक्तदाबाची गोळी आयुष्यभर घेणार आहे, तिचा भाव मात्र दुकानदार सांगेल तो!

आम्ही गावपातळीवरचे कर्मचारी तरी कुठे शहाणे? वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी पहिल्याच दवाखान्यात पैसे भरून मोकळा झालो. पुढे शेजारच्या गुरुजींनी तालुक्यातच दुसरीकडे तीच शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा फरक कळला. आत कोणती लेन्स बसवली, तिचे किती लावले, हे मी विचारलंच नव्हतं. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघा, पक्की पावती घ्या, असं तुम्हाला सांगत फिरणारा माणूस मी.

अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी आपल्या नोकरदारांना संगणकावर अशी सोय करून दिली होती. कोणत्या दवाखान्यात कोणत्या तपासणीला किती पडतील, ते आधी बघायचं. अशा दोन कंपन्यांचा अभ्यास २०१६ साली तिथल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिल्या वर्षात दहांतल्या जेमतेम एकाने ती सोय वापरली, आणि खर्च काही कमी झाला नाही. मला नवल वाटलं नाही. मृद आरोग्य पत्रिका आपण घरोघर वाटल्या. किती जणांनी त्या बघून युरिया कमी केला? पत्रिका ट्रंकेत आणि गोणी बांधावर.

आपल्याकडेही साधनं आहेत. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर औषधाचं नाव टाकलं की किंमत दिसते. ‘जनऔषधी सुगम’ हे ॲप २०१९ साली आलं. त्यावर जवळचं जनऔषधी केंद्र सापडतं, आणि ब्रँडच्या गोळीची व जेनेरिक गोळीची किंमत शेजारी शेजारी बघता येते. फक्त घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे ना ते बघा, आणि बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा. दवाखान्याचं म्हणाल, तर २०२१ साली राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत दुरुस्ती झाली. खासगी रुग्णालयाने ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. फलक दिसला नाही तर मागा. मागताना लाजायचं कारण नाही.

आता खरी अडचण. भाव कळतो, प्रत कळत नाही. कांदा हातात घेऊन बघता येतो, डॉक्टरचा हात कसा आहे ते ॲपवर दिसत नाही. एनएबीएचचं मानांकन असलं तर रुग्णालयाची व्यवस्था तपासलेली आहे एवढं समजतं, तुमच्या माणसाचा डोळा कसा होईल ते नाही. त्यासाठी तिथून आधी शस्त्रक्रिया करून आलेल्या चार जणांना विचारावंच लागतं. म्हणून नुसतं स्वस्त बघून जाऊ नका. आणि साप चावला, छातीत कळ आली, तर भाव बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

माझ्याकडच्या गावांत मी सांगून ठेवलंय. पुढच्या ग्रामसभेला येताना घरातल्या कायमच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा. मोबाईल मी आणतो.